वीस वर्षं वठलेलं सोंग

२०१० च्या पावसाळ्यात माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला एक खोड लागली होती. रात्री त्याला ‘स्लीप’मध्ये टाकून झोपावं आणि सकाळी उठवावं, तर मॅकच्या डेस्कटॉपऐवजी समोर बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा निरोप : सेटिंग्ज बिघडल्या होत्या, मूळपदावर आणल्या आहेत. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल बदलून पाहिला. रॅम काढून, पुसून पुन्हा बसवली. काही फरक नाही. शेवटी खोट सापडली ती डीएसडीटी नावाच्या एका तक्त्यात. मदरबोर्ड या तक्त्यातून ऑपरेटिंग सिस्टीमला स्वतःची ओळख करून देतो. माझ्याकडे अमुक पोर्ट आहेत, अमुक ठिकाणी घड्याळ आहे, त्याला इतकी जागा लागते, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. माझ्या तक्त्यात घड्याळाची जागा चार घरांची नोंदवलेली होती. विंडोजला त्याचं काही वाटत नसे. मॅकची सिस्टीम मात्र चार म्हटलं की चारही घरं आपलीच धरून चालायची, आणि त्यातल्या शेवटच्या दोन घरांवाटे बायोसच्या स्वतःच्या वहीपर्यंत हात पोचत होता. वहीत खाडाखोड दिसली की बायोस सगळंच रद्द करायचा. मी तक्ता उलगडला, चारच्या जागी दोन लिहिलं आणि पुन्हा बांधून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन शहाण्यासारखं उठलं.

मदरबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यात रोज एक बोलणं चालतं, आणि नीट कान दिला तर ते आपल्याला ऐकू येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ॲपलनं न बनवलेल्या कॉम्प्युटरवर ॲपलची मॅक ओएस चालवायची, या उद्योगाला जगभर हॅकिंटॉश म्हणतात. मशीन असेंबल करून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. कॅबिनेट एका कंपनीचं, एसएमपीएस दुसरीचा, बोर्ड तिसरीचा. अशा असेंबल्ड पीसीनं मॅकचं सोंग घ्यायचं, म्हणजे हॅकिंटॉश. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात उभा राहतो तेव्हा तो पोलीस नाही हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. दाद मिळते ती सोंग किती बिनचूक वठलं याला. हे सोंग २००५ साली सुरू झालं आणि २०२५ साली त्याचा शेवट जाहीर झाला. या वीस वर्षांकडे निव्वळ फुकटेपणाचा इतिहास म्हणून पाहणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही. माझ्या मते ती बिनभिंतींची एक मोठी कार्यशाळा होती, आणि तिथे घडलेली हत्यारं आज अस्सल मॅकच्याही कामी येत आहेत.

मॅकची सिस्टीम दुसऱ्याच्या पेटीत चालवायला खुद्द ॲपलनंच एकेकाळी परवाने दिले होते. १९९५ पासून पॉवर कॉम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला अशा कंपन्या रीतसर परवाना घेऊन मॅकच्या जातीची मशीन्स विकत. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज परतले आणि त्यांनी ते दार लावून घेतलं. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा ॲपलनं १० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात ताब्यात घेतला. त्या काळी मॅकमध्ये पॉवरपीसी चिप असायची, त्यामुळे बाजारातल्या साध्या पीसीवर मॅक ओएस चढवण्याचा प्रश्नच येत नव्हता. तो आला ६ जून २००५ रोजी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डेव्हलपर परिषदेत जॉब्ज यांनी मॅक इंटेलच्या चिपवर जाणार असल्याचं जाहीर केलं. तयारीसाठी डेव्हलपरांना ९९९ डॉलर भरून एक मशीन वापरायला मिळत होतं, ते नंतर परत करायचं होतं. बाहेरून पॉवर मॅक जी५ चं ॲल्युमिनियमचं कॅबिनेट, आत ३.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४. म्हणजे ॲपलनं लोकांच्या हाती दिलेलं पहिलं इंटेल मशीन आतून जवळजवळ साधा पीसीच होता. त्याच्यासोबतची मॅक ओएस एक्सची १०.४.१ आवृत्ती दोन-तीन महिन्यांच्या आत बाहेर फुटली आणि साध्या पीसीवर चालू लागली. जानेवारी २००६ मध्ये पहिला इंटेल आयमॅक दुकानात आला, तेव्हा हॅकिंटॉश आधीच जन्मलेला होता.

सोंग नक्की कसलं घ्यावं लागायचं, हे जरा जवळून पाहायला हवं. सगळी गंमत तिथेच आहे.

पहिली अडचण कुलपाची. फाइंडर आणि डॉक यांसारखे मॅकचे काही महत्त्वाचे भाग सांकेतिक रूपात बंद करून ठेवलेले असतात. ते उघडायची किल्ली एसएमसी नावाच्या चिपमध्ये असते. पंख्यांचा वेग, तापमान असलं घरकाम पाहणारी ही चिप, तिच्याकडेच ही किल्लीही सांभाळायला दिलेली. किल्ली ६४ अक्षरांची आहे, आणि वाचली तर ती ‘चोरी करू नका’ अशी साध्या इंग्रजीतली विनवणी आहे. जो भाग ती मागतो त्या फाइलचं नावही ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असंच. सुरुवातीच्या काळात अशी समजूत पसरली होती, की ॲपलनं टीपीएम या सुरक्षा-चिपचा वापर करून सिस्टीम आपल्या मशीनला जखडून टाकली आहे. ‘मॅक ओएस एक्स इंटर्नल्स’ या जाडजूड ग्रंथाचे लेखक अमित सिंग यांनी २००६ मध्येच ती समजूत खोडून काढली. खरं कुलूप वाड्याच्या कडीकोयंड्यासारखं साधं होतं, आणि त्यावर मालकाची पाटी होती. हॅकिंटॉशवाल्यांनी एसएमसीची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव फेकएसएमसी. पुढे त्याची जागा जास्त नेटक्या व्हर्च्युअलएसएमसीनं घेतली.

दुसरी अडचण सुरू होण्याची. इंटेल मॅक पहिल्यापासून ईएफआय पद्धतीनं सुरू होतात. पीसी मात्र त्या वेळी जुन्या बायोसवर होते, ते नव्या पद्धतीवर सरसकट यायला २०१२ उजाडलं. मधली दरी भरायला बूटलोडर लागला. डेव्हिड एलियट या प्रोग्रामरनं ॲपलच्याच मुक्त केलेल्या कोडमधून एक बूटलोडर तयार केला. त्यात ईएफआयचा आभास असा बेमालूम उभा केला होता, की मूळ सिस्टीमच्या फाइलींना हात न लावता ती चालू शकेल. हा विचार पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला. त्यातूनच कॅमेलियन आला, मग क्लोव्हर, आणि २०१९ मध्ये असिडँथेरा या गटाचा ओपनकोअर.

इथे एक फाटा फुटला होता, आणि त्याबद्दल मला ठाम मत आहे. आयॲटकॉस, कॅलीवे, आयडेनेब अशा नावांच्या तयार डीव्हीडी त्या काळी हातोहात फिरत. कुणीतरी ॲपलची सिस्टीम फोडून, आत शंभर ठिकाणी ठिगळं लावून, ती पुन्हा बांधलेली असे. डीव्हीडी घालायची, दहा-बारा खुणा करायच्या, नशीब असेल तर मशीन चालू. पण चाललं तरी का चाललं हे कळत नसे, आणि पहिल्या अपडेटला सगळं कोसळे. शिवाय अनोळखी माणसानं उघडून शिवलेल्या सिस्टीममध्ये आपले पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार ठेवायचे, ही गोष्ट तेव्हाही चुकीची होती आणि आजही आहे. दुसरी वाट ‘व्हॅनिला’ची. सिस्टीम ॲपलकडून जशी येते तशीच ठेवायची आणि सोंगाचं सगळं सामान वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये मांडायचं. जेमतेम २०० एमबीची ती जागा. तिच्यात काही फोल्डर, मोजके केक्स्ट म्हणजे ड्रायव्हर, आणि कॉन्फिग डॉट पीलिस्ट ही एक फाइल. ही वाट शिकायला अवघड, पण एकदा शिकलात की मशीन कायमचं तुमच्या हातात. ओपनकोअरनं ही शिस्त शेवटाला नेली. त्यात एकही खूण उगाच करता येत नाही, प्रत्येक ओळीचं कारण माहीत असावं लागतं. सोपं करून देणारी साधनं लोकप्रिय झाली हे खरं, पण माणसं घडवली ती या अवघड साधनानं.

तिसरी गोष्ट ओळखपत्राची. सिस्टीम विचारते, तू कोणता मॅक? आपण आपल्या चिपच्या जवळचं नाव सांगायचं. आयमॅक१९,१ म्हणा किंवा मॅकप्रो७,१. त्यावरून ती विजेची बचत, ग्राफिक्सची वाट, अपडेट मिळणार की नाही, हे सगळं ठरवते. सोबत सीरियल नंबर लागतो. आयमेसेज आणि फेसटाइम त्यावर अवलंबून असतात. इथे पथ्य एकच : कुणाच्याही खऱ्या मॅकचा नंबर वापरायचा नाही. तयार केलेला नंबर ॲपलच्या नोंदीत कुणाच्या नावावर नाही ना, हे तपासून मगच तो लिहायचा. दुसऱ्याच्या ओळखपत्रावर जगणं हे सोंग नव्हे, ती लबाडी आहे, आणि तिचा त्रास त्या खऱ्या मालकाला होऊ शकतो.

सोंग वठायचं तर अंगकाठी जुळावी लागते. त्यामुळे हॅकिंटॉशची खरेदी नेहमीच्या खरेदीच्या उलटी चाले. एरवी आपण सर्वांत नवं, सर्वांत वेगवान काय ते विचारतो. इथे आधी ॲपलनं कोणत्या मॅकमध्ये काय वापरलंय ते पाहायचं आणि त्याचा बाजारातला भाऊबंद शोधायचा. प्रोसेसर इंटेलचा. एएमडीच्या रायझनवरही मॅक ओएस चालते, पण त्यासाठी थेट कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला ठिगळं लावावी लागतात. नेटवर्कची चिप इंटेलची मिळाली तर उत्तम. आवाजासाठी बहुतेक बोर्डांवर रिअलटेकच्या चिप असतात, त्यांना ॲपलएएलसी हा केक्स्ट बोलतं करतो. वाय-फायला ब्रॉडकॉमचं, मॅकमध्ये असतं त्या जातीचं कार्ड. २०१७ नंतरच्या काळात ग्राफिक्स कार्ड म्हटलं की रॅडिऑन आरएक्स ५८०, कारण त्याचे ड्रायव्हर ॲपलच्याच सिस्टीममध्ये तयार असत.

मुंबईत या खरेदीचं ठिकाण म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे जुनंच नाव घेतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जायचं. मी हातात कागद घेऊन दुकानं फिरायचो, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांत नेटवर्कची चिप वेगळी निघू शकते, आणि ते खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांवरूनच कळतं. “दादा, गेमिंगला घेताय का? मग त्याच पैशात हे नवीन घ्या ना,” असं दुकानदार मनापासून सांगायचे. जुनं, पण नेमकं हवं असलेलं कार्ड मागणारं गिऱ्हाईक त्यांना कोड्यात टाकायचं. आरएक्स ५८० च्या बाबतीत आणखी एक खबरदारी होती. इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामात ही कार्डं लाखमोलाची होती, आणि तिथून सुटलेली, महिनोन् महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं सेकंड-हँड बाजारात स्वस्तात येत. पंखा हातानं फिरवून, बोर्डावरचे डाग पाहून मगच पैसे द्यायचे.

मशीन उभं राहिलं की खरं काम सुरू होई, आणि त्यातलं सर्वांत बारीक काम यूएसबीचं. मॅक ओएसच्या १०.११ आवृत्तीपासून एका कंट्रोलरला १५ पोर्टांची मर्यादा पडली. १५ पुष्कळ वाटतात. पण निळ्या जिभेचा यूएसबी ३ चा एक पोर्ट सिस्टीमच्या हिशेबी दोन मोजला जातो, जुन्या गतीचा एक आणि नव्या गतीचा एक. मागचे पोर्ट, कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट, ब्लूटूथची अंतर्गत जोडणी, सगळं धरलं की मोठ्या बोर्डावर आकडा सहज पंचविशीला जातो. मग ठरवावं लागतं, कोण राहणार आणि कोण जाणार. एका रविवारी मी टेबलाखाली टॉर्च घेऊन बसलो होतो. एका हातात जुना पेन ड्राइव्ह, दुसऱ्यात नवा. प्रत्येक पोर्टात दोन्ही आळीपाळीनं खुपसायचे, स्क्रीनवर कोणतं नाव उजळतं ते वर बसलेली मुलगी ओरडून सांगणार, एचएस०३, एसएस०३, आणि मी ते वहीत काढलेल्या मदरबोर्डाच्या चित्रावर लिहिणार. तासाभरानं माझ्याकडे त्या मशीनचा नकाशा होता. नको ते पोर्ट गाळले आणि मशीन नीट झोपू लागलं, नीट उठू लागलं. विकत आणलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या भोकांची मला इतकी खडान्‌खडा ओळख कधी नव्हती.

इतका खटाटोप लोक का करत? पैसा हे एक कारण होतंच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण मॅकच्या दुकानात गेलं की हमखास आठवायची. पण मला ते कारण अर्धंच वाटतं. बरीच माणसं कामामुळे मॅककडे ओढली गेली होती. लॉजिक हे संगीत-ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आधी विंडोजवरही मिळायचं. २००२ मध्ये ॲपलनं ते बनवणारी एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी विंडोजची आवृत्ती बंद केली. ज्यांचे हात लॉजिकवर बसले होते, त्यांच्यापुढे मॅक घेण्यावाचून वाट राहिली नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना फायनल कट प्रो हवं होतं. २००८ पासून आयफोनचं ॲप बनवायचं तर एक्सकोड लागू लागलं, आणि ते मॅकवरच चालतं. कॉलेजातल्या मुलाला आयफोनच्या ॲपचा श्रीगणेशा करायचा असेल, तर आधी त्याच्या वडिलांच्या एक-दोन पगारांचा प्रश्न यायचा. अशा मुलांनी घरच्या पीसीवर रात्री जागून जे केलं, त्याला चोरी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आणि ॲपलच्या स्वतःच्या दुकानातही एक रिकामी फळी होती. २०१३ चा गोल, काळा मॅक प्रो देखणा होता, पण त्यात साधं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नव्हतं. उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलं, असं २०१७ मध्ये ॲपलच्या वरिष्ठांनी पत्रकारांपुढे मान्य केलं. नवा टॉवर आला २०१९ मध्ये, ५,९९९ डॉलरपासून पुढे. मधली सहा वर्षं, ज्यांना मॅक ओएस हवी होती पण कॅबिनेट उघडून डिस्क, कार्ड, रॅम वाढवायचीही सोय हवी होती, त्यांना ॲपलकडे द्यायला काही नव्हतं. हॅकिंटॉशचा सर्वांत भरभराटीचा काळ हाच, आणि माझ्या पाहण्यातली सर्वांत स्थिर मशीन्सही याच काळातली.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. ॲपलच्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, की ही सिस्टीम फक्त ॲपलचं नाव असलेल्या कॉम्प्युटरवर बसवावी. याची कसोटी लागली ती फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीच्या खटल्यात. एप्रिल २००८ मध्ये तिनं मॅक ओएस चालणारा पीसी ३९९ डॉलरपासून विकायला काढला. जुलैमध्ये ॲपल कोर्टात गेली. सायस्टारचं म्हणणं असं, की आम्ही प्रत्येक मशीनसोबत मॅक ओएसची विकत घेतलेली डीव्हीडी देतो, मग ती कशावर चालवायची हे ॲपलनं का ठरवावं? ऐकायला बिनतोड. पण प्रत्यक्षात ते एका मॅक मिनीवर सिस्टीम बसवून, तिची प्रत काढून, त्यात बदल करून, मग ती प्रत ओळीनं सगळ्या मशीन्सवर चढवत होते. डीव्हीडीचं खोकं न फोडताच ग्राहकाला जायचं. कॅलिफोर्नियातले न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल दिला : नक्कल, बदल आणि वितरण, तिन्हींत कॉपीराइटचा भंग, शिवाय डिजिटल कुलूप तोडल्याचाही ठपका. डिसेंबरात कायमची मनाई आली आणि २०११ मध्ये अपील कोर्टानं ती उचलून धरली. जर्मनीतल्या पेअरसीसारखे काही प्रयत्न त्याच सुमारास झाले, पण धंदा म्हणून हॅकिंटॉश तिथेच संपला.

मला हा निकाल कायद्याच्या चौकटीत बरोबर वाटतो. दुसऱ्याच्या कामाच्या प्रती काढून विकणं आणि स्वतःच्या टेबलावर आपल्या हातानं मशीन घडवणं, यांत मोठं अंतर आहे, आणि ॲपलनं सायस्टारला खेचलं तेव्हा ते अंतर सर्वांनाच दिसलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही, प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला तो चालतो कसा याचा अभ्यास करायला, आणि वेगवेगळ्या प्रोग्रामांची सांगड घालण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला मोकळीक दिलेली आहे. ती मोकळीक परवान्याचा करार पुसून टाकत नाही. पण अभ्यास हा गुन्हा नव्हे, एवढं आपल्या कायद्यानं मानलेलं आहे. दुसरी एक गोष्ट या वादात फारशी बोलली जात नाही. २००९ च्या स्नो लेपर्डपर्यंत मॅक ओएस खोक्यात मिळायची. लेपर्ड १२९ डॉलरला, स्नो लेपर्ड २९ ला. ‘मी पैसे मोजलेत’ हे म्हणणं तेव्हा निदान नैतिक पातळीवर उभं राहत होतं. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून सिस्टीम फुकट झाली, म्हणजे तिची किंमत मशीनच्या किमतीत गेली. त्यानंतर हॅकिंटॉशवाल्याच्या पायाखालची नैतिक जमीन अरुंद झाली, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. एक्सकोडवर शिकून पुढे कमावायला लागलेल्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी यथावकाश मॅक विकत घेतला. मीही घेतला.

कोर्टानं धंदा थांबवला, छंद थांबला नाही. तो थांबवला ॲपलच्या कारखान्यातल्या बदलांनी, एकेक करून. आधी एनव्हिडिया गेलं. २०१८ च्या मोहावे या आवृत्तीत त्यांच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर आले नाहीत, आणि ज्यांनी महागडी कार्डं घेतली होती ते मागच्या आवृत्तीवर अडकले. २०२३ च्या सोनोमानं जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचा आधार काढला. इतकी वर्षं ‘हेच घ्या, डोळे मिटून चालतं’ म्हणून सांगितलेली कार्डं एका रात्रीत परकी झाली. ती पुन्हा चालवायची तर सिस्टीमचे संरक्षक दरवाजे सैल करावे लागत, आणि व्हॅनिलाची शिस्त तिथेच मोडायची.

मुख्य घाव मात्र २२ जून २०२० चा. मॅक आता ॲपलच्याच चिपवर जाणार, अशी घोषणा झाली. नोव्हेंबरात एम१ आला आणि २०२३ च्या जूनपर्यंत मॅक प्रोसकट सगळी फळी बदलून झाली. या चिपचं सोंग आणता येत नाही. ती बाजारात सुटी मिळत नाही. तिचं ग्राफिक्स ॲपलचं, सुरू होण्याची साखळी ॲपलची, कुलूप-किल्ली चिपच्या आतच. मदरबोर्डानं तक्त्यातून आपली ओळख सांगायची आणि आपण त्या तक्त्यात चारचे दोन करायचे, ही भाषाच तिथे बोलली जात नाही. जून २०२५ मध्ये ॲपलनं सांगून टाकलं, की मॅक ओएस २६ ताहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. त्यातही इंटेलचे चारच मॅक उरले, आणि चारहींमध्ये ॲपलची टी२ ही सुरक्षा-चिप आहे. पुढची काही वर्षं सुरक्षेची अपडेट येत राहतील, नवी सिस्टीम येणार नाही.

आणि खरं सांगायचं तर हिशेबही उरला नाही. २०२४ च्या शेवटी आलेला एम४ मॅक मिनी, १६ जीबी रॅमसह, भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला. तळहाताहून थोडा मोठा डबा. तेवढ्या पैशात चांगला बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड, एसएमपीएस जमवायला गेलात तर लॅमिंग्टन रोडवर दिवसभर घासाघीस करूनही जमवाजमव कठीण, आणि वेगात तो डबा वरचढ. आता कुणी तरुण मला विचारतो, काका, हॅकिंटॉश बांधू का? कामासाठी हवा असेल तर मी स्पष्ट नको म्हणतो. घरात आठवी-नववी-दहावी पिढीच्या इंटेलचा पीसी आणि जुनं रॅडिऑन कार्ड पडून असेल, आणि मशीन आतून कसं चालतं हे पाहायचं असेल, तर जरूर बांध म्हणतो. मात्र तयार ईएफआय फोल्डर कुणाकडून उचलून आणायचा नाही. प्रत्येक फाइल का ठेवली, हे स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं. आणि तिच्यावर आपला महत्त्वाचा डेटा ठेवायचा नाही.

वारसा म्हणाल तर तो दोन दिशांना गेला. एक ॲपल चिपच्या मॅकवर लिनक्स चालवण्याकडे. ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाच्या मंडळींनी २०२१ पासून, ॲपलनं कागदपत्रं दिलेली नसताना, एकेका भागाचं बोलणं ऐकून ड्रायव्हर लिहिले आणि मार्च २०२२ मध्ये पहिली आवृत्ती दिली. इथे सोंगाची गरजही नव्हती, कारण ॲपलनं त्या मशीन्सवर दुसरी सिस्टीम सुरू करायची वाट बंद केलेली नाही. परक्या मशीनवर आपली सिस्टीम, याच्या जागी परकी सिस्टीम घरच्या मशीनवर. ध्यास तोच.

दुसरी दिशा मला जास्त जवळची. ॲपल काही वर्षांनी जुन्या मॅकना नवी सिस्टीम देणं थांबवते. मशीन धडधाकट असतं, पण ब्राउझर अपडेट होईनासा होतो, बँकेची साइट उघडेनाशी होते, आणि मग ते कपाटावर जातं. ओपनकोअर लेगसी पॅचर हा प्रकल्प हॅकिंटॉशसाठी घडवलेला तोच बूटलोडर अशा अस्सल, पण नाकारलेल्या मॅकवर बसवतो. जो मॅक आहे त्यालाच जरा नव्या मॅकचं सोंग द्यायचं. मर्यादा आहेत. ग्राफिक्सला ठिगळ लागतं, संरक्षण थोडं सैल होतं, आणि अपडेट आलं की घाईनं बटण दाबायचं नाही. पण दहा-बारा वर्षांचं मशीन ई-कचऱ्यात जाण्यापासून वाचतं.

माझ्या आत्याकडे २०१२ चा मॅकबुक प्रो आहे. मागचं झाकण दहा स्क्रू काढले की उघडतं, रॅम आणि डिस्क हातानं बदलता येते, ही त्या जातीची शेवटची मशीन्स. ॲपलनं त्याला कॅटालिना आवृत्तीनंतर काही दिलं नाही. मागच्या दिवाळीत मी त्यात एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाकली, ओपनकोअर बसवला आणि बटण दाबलं. सफरचंदाच्या जागी आधी तो ओळखीचा मेनू आला, डिस्कची छोटी चित्रं ओळीनं मांडलेला. पंधरा वर्षं तो मी परक्या बोर्डांवर पाहत आलो होतो, कधी एका वेशात, कधी दुसऱ्या. ॲपलच्या स्वतःच्या पडद्यावर तो पहिल्यांदाच पाहत होतो. आत्या चष्मा सावरत मागे उभी होती.

“उघडला का रे?”

“उघडतोय, आत्या. थांब दोन मिनिटं.”